आठाचे सहा

माझं अक्षर चांगलं आहे. चौतीस वर्षं दिल्लीतल्या एका मिनिस्ट्रीत काढली, कारकून म्हणून लागलो, सेक्शन ऑफिसर म्हणून बाहेर पडलो, आणि एवढ्या काळात माझ्या अक्षराबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. बाकी तक्रारी भरपूर. घरातसुद्धा फॉर्म आला की तो माझ्यासमोर यायचा. रेशन कार्ड, गॅस, पासपोर्ट, मुलाची ॲडमिशन. बायको शाळेत शिक्षिका होती, तिचं अक्षर खरं तर माझ्याहून देखणं, पण फॉर्म मीच भरायचो आणि ती कधी वरून डोकावून बघायची नाही. हे सांगायचं कारण असं, की तिच्या दुखण्याची वहीसुद्धा मीच लिहिली, आणि तिथे मी माती खाल्ली.

तिला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, मग केमो, दर पंधरा दिवसांनी एक, असे सहा महिने. शेवटी स्कॅन स्वच्छ आला. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीतले लोक घरी येऊन म्हणाले, चलो, सुटलात एकदाचे. आम्हीही तसंच धरून चाललो. आजार गेला की माणूस होता तसा परत मिळतो, अशी माझी समजूत होती. कुठून झाली होती कोण जाणे.

तसं काही झालं नाही. केमोच्या औषधाने तिच्या हातापायांच्या नसा मारल्या होत्या. बोटांची टोकं बधिर, तळपाय बधिर. वर गार काही लागलं की करंट बसावा तशी कळ. त्यामुळे दिल्लीच्या थंडीत नळाखाली हात धरायची सोय नाही, फ्रिज उघडायची नाही. एकदा मेट्रोच्या जिन्यावर हिची एक चप्पल पायातून निघून मागे राहिली आणि ही तशीच प्लॅटफॉर्मपर्यंत चालत गेली. मागून एक बाई चप्पल हातात घेऊन धावत आली तेव्हा आम्हाला कळलं. तिथे आम्ही दोघंही हसलो. घरी आल्यावर ती बराच वेळ तो पाय मांडीवर घेऊन बसली होती.

डॉक्टर म्हणाले, होतं असं, हळूहळू कमी होईल. वर्ष गेलं तरी ते हळूहळूच चाललं होतं.

सगळ्यात वाईट गोष्ट ब्लाउजच्या हुकांची. आयुष्यभर सुती साडी नेसलेली बाई ती. निऱ्या कशाबशा जमवायची, दोनदा सोडून तिसऱ्यांदा. पण हुक काही केल्या बोटांना सापडायचेच नाहीत. बंगळुरूहून सून फोनवर म्हणाली, आई, कुर्ते घाला ना सरळ, एकदम कम्फर्टेबल. वाईट नव्हतं तिच्या मनात काही. पण बायको म्हणाली, आजार गेला म्हणता ना सगळे, मग माझी साडी का जाईल? झालं. तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला चष्मा लावून हुक लावायला मी. पाच हुक. माझी बोटं जाड, हात थोडा थरथरतो, एखादा हुक वरच्या काजात जायचा आणि परत सगळं सोडावं लागायचं. तोवर ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी असायची. मी थकलो होतो, हे लपवून काय करू? पाणी तापवा, भाजी चिरा, कामवाली आली नाही तर भांडी घासा, हिला धरून जिना उतरवा. पण त्या पाच हुकांनी मी जेवढा दमायचो तेवढा बाकी कशाने दमलो नाही. तिचं तर विचारायलाच नको.

अशात डॉक्टरांनी आम्हाला त्याच हॉस्पिटलातल्या एका अभ्यासाकडे पाठवलं. केमोनंतर ज्यांचे हातपाय असे राहतात, त्यांना व्यायामाने किती परत मिळतं, हे तिथे बघत होते. बघणारी फिजिओथेरपिस्ट तिशीतली, हरियाणातली, मुनिरक्यात भाड्याची खोली घेऊन पीएचडी करत होती. सकाळी डबा घेऊन यायची आणि दुपारी तीन वाजले तरी तो टेबलावर तसाच असायचा. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मला तिची आधी दया आली आणि मग भीती वाटली, कारण ती फार नीट ऐकायची.

पहिल्याच दिवशी तिने बायकोला विचारलं, आंटी, आपको क्या वापस चाहिए? मला वाटलं ही म्हणेल तब्येत, ताकद, असं काहीतरी. ती म्हणाली, "ब्लाउज के हुक. खुद लगाने हैं. बस." मी खाली बघायला लागलो. त्या मुलीने मात्र न हसता ते जसंच्या तसं कागदावर लिहून घेतलं.

मग तिने सगळं समजावून सांगितलं. पहिले तीन महिने घरी व्यायाम करायचे. परातीत तांदूळ घ्यायचे, त्यात बटणं, नाणी, राजम्याचे दाणे लपवायचे, आणि डोळे मिटून बोटांनी शोधून काढायचे. जमिनीवर टॉवेल टाकून पायाच्या बोटांनी तो गोळा करायचा. रोज संध्याकाळी वहीत आकडा लिहायचा. शून्य म्हणजे काही त्रास नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. बायकोच्या हातात पेन टिकायचं नाही, म्हणून तिने सांगायचं आणि मी लिहायचं. आंटी जो बोलें वही लिखिएगा, असं ती मला दोनदा म्हणाली. तीन महिन्यांनंतर दुसरा टप्पा होता. आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात बोलावून ती स्वतः हातापायांवर काम करणार होती. जागा मोजक्याच, आणि निवड वहीतल्या नोंदींवरून. परत येताना मेट्रोत बायको म्हणाली, काही करून मला ते दुसरं मिळायला हवं. घरी माझ्याच्याने होणार नाही आणि तुम्हालाही जमणार नाही. मी म्हटलं, मिळेल, माझ्यावर सोड.

आता माझ्यावर सोडलं म्हणजे काय झालं ते सांगतो.

नोकरीची शेवटची बारा वर्षं मी अनुदानाच्या सेक्शनला होतो. संस्थांना सरकारचा पहिला हप्ता जायचा, आणि दुसऱ्या हप्त्यासाठी त्यांनी प्रगतीचा अहवाल पाठवायचा. त्यात 'प्रगती समाधानकारक' असं दिसलं की फाइल वर जायची. नाही दिसलं की मीच ती परत धाडायचो, खुलासा मागवून. ज्याचं काम चालेना त्याला सरकार दुसरा हप्ता कशाला देईल? या एका वाक्यावर मी बारा वर्षं पगार घेतला. त्यामुळे 'निवड नोंदींवरून' हे ऐकल्याबरोबर माझ्या डोक्यात दुसरा अर्थ आलाच नाही. चांगले आकडे दाखवा, पुढचा टप्पा मिळवा. त्या मुलीला एकदा विचारावं, एवढीही अक्कल मला सुचली नाही. मीच तर त्यातला जाणकार.

सुरुवातीला ती सांगेल तेच मी लिहिलं. पहिल्या आठवड्यात ती दोनदा नऊ म्हणाली, मग आठावर जी आली ती आठावरच राहिली. रोज सहा वाजता चहा झाला की मी ड्रॉवरमधून वही काढायचो. वहीला मी खाकी कव्हर घातलं होतं आणि पट्टीने रेघा मारल्या होत्या. आठ. आठ. आठ. आठ. अशी फाइल मीच परत पाठवली असती. शिवाय व्यायाम करून घेणं माझ्याकडे होतं आणि ते धड होत नव्हतं. परातीत हात घालून दहा मिनिटं झाली की ती रडकुंडीला यायची, आणि मी म्हणायचो, जाऊ दे, उद्या करू. तांदूळ परत डब्यात.

दुसऱ्या पंधरवड्यात एका संध्याकाळी ती आठ म्हणाली. माझं पेन जरा थांबलं. मग मी सात लिहिलं.

पुढे मी त्यात तरबेज झालो. रोज कमी करायचं नाही, संशय येतो. सात, सात, सहा, मग मुद्दाम एखादा सात, मग सहा. आठाचे सहा, नंतर आठाचे पाच. ती आकडा सांगायची, मी क्षणभर थांबून कालचं-परवाचं बघायचो, आणि शोभेल असा आकडा सुरेख अक्षरात लिहायचो. ती समोर बसून माझ्या हाताकडे बघत असायची, पण तिच्या बाजूने वही दिसायची नाही. मला वाईट वाटायचं का? खरं सांगायचं तर नाही. उलट बरं वाटायचं. दिवसभरात एवढी एकच जागा होती जिथे तिचं दुखणं माझं ऐकत होतं. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी मी तिला तीनवर आणून ठेवलं.

वही घेऊन आम्ही हॉस्पिटलात गेलो त्या दिवशी बाहेर धुकं होतं. बायकोने दोन जोड मोजे आणि हातमोजे घातले होते. त्या मुलीने वही चाळली आणि तिचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. आंटी, कमाल कर दिया आपने, असं म्हणून ती सांगायला लागली, की आता तुम्हाला दुसऱ्या टप्प्याची गरजच नाही, तो ज्यांना घरच्या व्यायामाने फरक पडला नाही त्यांच्यासाठी आहे.

बायकोला काही समजेना. ती म्हणाली, फरक? कुठे पडलाय फरक?

मुलीने तिला डोळे मिटायला सांगितले. एक बारीक नायलॉनचा दोरा होता, त्याचं टोक एकेका बोटाला टेकवायचं आणि कळलं की 'हां' म्हणायचं. तिने अंगठ्याला टेकवला. मग पहिल्या बोटाला, मग मधल्या. बायको डोळे मिटून शांत बसली होती, सुरू व्हायची वाट बघत. दोन्ही हात झाले तरी ती वाटच बघत होती. मी तो दोरा बघत होतो. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

मुलीने वही पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली, आणि माझ्याकडे बघून विचारलं, की हे आकडे आंटींनीच सांगितले ना. बायकोने तिच्याकडून वही मागून घेतली. पानं उलटता येईनात, तेव्हा मुलीने एकेक पान उलटून दिलं. बायकोने सगळी वही पाहिली, शेवटच्या तीनपर्यंत. माझ्यावर ओरडली असती तर परवडलं असतं. ती मराठीत, अगदी हळू आवाजात म्हणाली, "त्यांना सांगा, हुक अजून तुम्हीच लावता म्हणून."

मग मला ते हिंदीत सांगावं लागलं. एका परक्या मुलीला, बायकोसमोर, की आंटींचे हुक रोज मी लावतो, आकडे मी बदलले, रोज आठच असायचे. का बदलले, हेही सांगितलं. अनुदान, हप्ता, प्रगती समाधानकारक, सगळं. आपलंच बोलणं ऐकून मला शरम वाटत होती. ती ऐकून घेत होती. नंतर म्हणाली, निवड कशी होणार हे आम्ही मुद्दाम पूर्ण सांगत नाही, कारण जागा मिळावी म्हणून लोक त्रास वाढवून लिहितील अशी भीती असते. कोणी कमी करून लिहील, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मी म्हटलं, आता खरे आकडे लिहून देतो, सही करून देतो, वाटेल ते करतो. तिने मान हलवली. बदललेली नोंद अभ्यासात ठेवता येत नाही, आणि नोंद नसेल तर दुसऱ्या टप्प्यात घेता येत नाही. तिच्या हातात काही नव्हतं. नियम बरोबर होता. मी तिच्या जागी असतो तर हेच केलं असतं, आणि तिच्याइतकं मऊ बोललो नसतो. तिने नेहमीच्या फिजिओथेरपी विभागासाठी चिठ्ठी दिली. तिथे महिन्यातून दोनदा नंबर लागतो. आठवड्यातून तीनदा कुठे आणि महिन्यातून दोनदा कुठे. निघताना तिने कपाटातून तशीच एक कोरी वही काढली आणि म्हणाली, ही स्टडीसाठी नाही, आंटींसाठी. वही तिने माझ्या हातात न देता बायकोच्या पिशवीत ठेवली.

परतताना आम्ही ऑटो केली. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनाच्या कँटीनात जेवून जाऊ म्हटलं, तर ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. पूर्वी रविवारी आम्ही तिथे हटकून जायचो. वेटरने पाण्याचे स्टीलचे ग्लास आणून ठेवले, मी सवयीने तिचा ग्लास बाजूला सारून गरम पाणी मागितलं. दिल्लीत आमच्यासारख्यांना एक सोय असते. मेट्रोत, दुकानात, कुठेही नवराबायकोला मराठीत बिनधास्त भांडता येतं, कुणाला कळत नाही. सदनात ती सोय नाही. तिथे डावीउजवीकडे सगळे आपलेच. म्हणून ती हिंदीत बोलली.

"आपसे किसने कहा था मुझे अच्छा दिखाने को?"

चाळीस वर्षांत ती माझ्याशी हिंदीत बोलली नव्हती. बँकेतल्या माणसाशी बोलावं तसं ते 'आप'. पुढेही ती तशीच बोलत राहिली, न थांबता, आवाज न चढवता. म्हणाली, की तीन महिने मी रोज खरं सांगण्यासाठी बसत होते. दिवसभर सगळ्यांना बरी आहे, बरी आहे म्हणून सांगते, मुलाला, सुनेला, शेजारणींना. संध्याकाळी सहाला एकदा तरी खरं बोलायला मिळायचं. तेही तुम्ही खोडून टाकलं. मी हिंदीतच म्हटलं, की मला वाटलं तुझ्यासाठी करतोय. ती म्हणाली, मालूम है. एवढंच. मग आलेलं पिठलं ती चमच्याने खायला लागली आणि चमचा दोनदा बोटांतून निसटला. मी उचलून दिला नाही. तिने स्वतः उचलला, वेळ लागला.

घरी आल्यावर ती झोपली. मी परात काढली, तांदूळ ओतले, बटणं घातली, आणि डोळे मिटून स्वतः शोधून बघितली. मला सगळी सापडली. कशाला केलं ते माहीत नाही, पण केलं. मग तांदूळ निवडत बसलो. रडलोही थोडा, हे सांगायला हरकत नाही.

सहा वाजता मी चहा केला. ती उठून टेबलाशी आली, पिशवीतून कोरी वही काढून माझ्यासमोर ठेवली आणि खुर्ची ओढून घेतली. समोर बसायच्याऐवजी माझ्या शेजारी बसली. पट्टी मी घेतली नाही. पहिल्या पानावर तारीख घातली आणि म्हटलं, सांग.

"नऊ."

मी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं आजच्या मनस्तापाने वाढलं असेल. म्हटलं, काल तर आठ होते.

"कालही नऊच होते," ती म्हणाली. "रोज नऊच असायचे. पहिल्या आठवड्यात मी नऊ म्हटलं की तुमचं पेन थांबायचं. मला वाटायचं, तुम्हाला लिहवत नाही. म्हणून एक कमी करून सांगत होते."

मी नऊ लिहिले. अक्षर काही चांगलं आलं नाही. लिहून होईपर्यंत ती वाकून वहीत बघत होती.